हळदीची सात, बिटाची सात

८ एप्रिल, मंगळ. सुरत

आन् म्हणे माझ्यामुळं. मी इथं सुरतेत खोकी भरतोय, कोंबडी तिथं जामखेडला आक्काच्या दारात, तरी माझ्यामुळं. मी फोनवर भाचीला एवढंच बोललो हुतो की रिबू, ईस्टर जवळ आला, आपली आजी करायची तशी अंडी रंगव. खुराड्यात असतील बघ. आता खुडूक कोंबडी पाडव्याला चौदा अंड्यांवर बसवलीय हे मला कोनी सांगितलं हुतं का? सात वर्षांची पोर ती. कोंबडी दाणे टिपायला उठली तेवढ्यात हिनं सगळी बाहेर काढली. सात हळदीनं पिवळी, सात बिटाच्या रसानं गुलाबी, उकडली न्हाईत, नुसती बुडवली. आन् परत होती तशी लावून ठेवली.

आक्का म्हणली, "गावरान अंडी हायेत शमू. पंचवीसला एक. चौदाचे साडेतीनशे मामानं भरायचे." मग तिथून नेहमीचं. नागापूरची कंपनी का सोडली. नगरला असतास तर रविवारी येऊन पोरांना स्वतः शिकवलं असतंस. लांबून हुकूम सोडायचे, निस्तरायचं आमी.

पाच वर्षांत चार कंपन्या सोडल्या. मोजून ठेवल्यात तिनं.

९ एप्रिल, बुध.

रिबू फोनवर येईना. तिचा धाकटा भाऊ दानू बोलला, "मामा, ताई रडती. पिल्लं मेली."

कोन म्हणलं?

"आई."

आक्काला म्हणलं, पोरीला असलं कशाला सांगतीस. तर म्हणती, "मग काय सांगू? ईस्टरला उठतील?"

राग आला. पण नंतर जेवताना बोटांवर मोजलं. पाडव्यापासून एकवीस दिवस, पिल्लं निघायला लागतात तेवढे. दोनदा मोजलं. ईस्टरचाच रविवार येतो.

११ एप्रिल, शुक्र.

आक्काला म्हणलं, अंधार पडला की अंड्यामागं बॅटरी धरून बघ. म्हणली, "मला शिकवू नको, तुझ्या आधीपासनं कोंबड्या पाळतीय." पण बघितलं. व्हिडीओ कॉल दाजींच्या मोबाईलवर, बॅटरी आक्काच्या. आत काळा ठिपका, त्याला लाल दोरे, मुळ्या फुटल्यासारखे.

बाराच्यात दिसलं. दोनाच्यात काय कळंना. हळदीचं बिटाला, बिटाचं हळदीला लागलेलं, सगळी अंडी कळकट.

तीन दिवसांनी रिबूचा आवाज ऐकला. "मामा, गुलाबीतला हालला."

मी इकडं खोलीत उडीच मारली. रबी, माझा रूम पार्टनर, ओडिशाचा, त्याला वाटलं लॉटरी लागली.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

पोरं सकाळी झावळ्या घेऊन ख्रिस्तमंदिरात जाऊन आली. दुपारी मी फोनवर, ती चुलीपाशी. या वेळी दुकानातली पांढरी अंडी. तरी रिबू प्रत्येक अंडं उचलून विचारती, "याच्यात कोन न्हाई ना?"

कांद्याची सालं पातेलंभर. अंड्याला कोथिंबिरीचं पान चिकटवायचं, वरून जुन्या मोज्याचा तुकडा घट्ट बांधायचा आन् सालांच्या पाण्यात उकडायचं. गार झाल्यावर सोडायचं. अंडं विटकरी, पानाची जागा पांढरी. दानूनं दोन फोडली, लगेच मीठ लावून खाल्ली, म्हणला चांगली रंगलीत.

गाठी आक्कानंच मारल्या. आई मारायची तश्शाच, दातात दोरा धरून.

१५ एप्रिल, मंगळ.

आता फोनवर सांगायच्या आधी स्वतः करून बघायचं ठरवलंय. शेवयांचं घरटं. पहिल्यांदा गुळाचा पाक पुढं गेला, वाटीतून सुटेना. रबीनं वाटी फरशीवर आपटली तर वाटीला पोचा, घरटं जसंच्या तसं.

दुसरं जमलं. शेवया तुपात लाल करायच्या. गूळ विरघळून बुडबुडा आला की लगेच उतरवायचा. वाटीला तूप लावून गरम गरम दाबायचं, मधी खळगा. त्यात खोबऱ्याचा कीस, दूध पावडर, पिठीसाखर मळून चिंचोक्याएवढी अंडी. रबीनं घरटं खाल्लं, अंडी उरवली, परत सगळी खाल्ली.

आक्काला व्हॉईस टाकला. उत्तर, "गूळ किती ते सांग की येड्या."

१७ एप्रिल, गुरु.

कामावर जेवणाच्या सुट्टीत रद्दी पुठ्ठ्याच्या टोपल्या दुमडल्या, कातर न्हाई, खळ न्हाई. व्हिडीओ पाठवला. रिबूनं बिस्किटाच्या खोक्याची केली, कडी उलटी लावली. तशीच बरी दिसती.

शेठला सुट्टी मागितली. दिवाळीला बोलू म्हणला.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)

ड्युटी. उपास धरला. संध्याकाळी पिशवी भरली. रात्रीची गाडी धरली असती तर उद्या जामखेड. आधीच्या चारी वेळेला असाच उठून निघून गेल्तो. बसून राहिलो. मग पिशवी रिकामी केली. पाचवी कंपनी आक्काला मोजायला कशाला द्यायची.

१९ एप्रिल, शनि.

कोंबडी उठत न्हाई. रिबू म्हणती, कान लावला की अंड्यातून चिवचिव येती. "आई म्हणती हात लावू नका. मामा, रंगानं कवच घट्ट झालं असंल का? त्यांना फुटंल का?"

फुटंल म्हणलं. मला काय माहीत. पण म्हणलं.

२० एप्रिल, ईस्टर

पहाटेच्या उपासनेला जाताना रिबूचा व्हॉईस. "मामा, प्रभू उठला. आन् एक पिल्लूबी." चार वेळा ऐकला. रबीला पण ऐकवला, त्याला मराठी येत न्हाई तरी हसला.

दुपारपर्यंत सात. चारला अकरा. रिबूची तक्रार, गुलाबीतून पन पिवळंच निघालं. दानूनं शेवयांचं घरटं कोंबडीपुढं ठेवलं, तिनं चोच मारून सगळं इस्कटलं. आक्का मागं हसत हुती. लई दिवसांनी.

तीन राहिलीत. दोन बिटाची, एक हळदीचं. आक्का म्हणती उद्या काढून टाकू. रिबू म्हणती बुधवारपर्यंत कोनी हात लावायचा न्हाई, आन् खुराड्यापुढंच बसलीय.

आक्का म्हणली, "अकराचे माफ. बाकीचे दे."

दिले. बुधवारपर्यंत फुटली तर पैसे परत घेणार, तसं सांगितलंय. पंच्याहत्तर रुपये.