'आमच्यावर' म्हणताना धरायची माणसे

आदरणीय आत्याबाईंस,

प्रभूच्या नावाने सलाम. तुमचा गुडघा आता प्रार्थनेला वाकतो की अजून खुर्चीवर बसूनच देवाशी बोलावे लागते, ते कळवावे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही (आणि गप्प राहायला मला तेवढे निमित्त पुरते), म्हणून हे पत्र दादाच्या हाती पाठवत आहे.

बाबा रंगकाम करताना परांचीवरून पडले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मागे न पाहता ट्रक मागे घेऊन परांचीला धडकवणारा तो ड्रायव्हर बाबांना उचलायला धावला आणि उरलेली परांची त्याच्या पायावर कोसळली, हे मात्र तुम्ही ऐकून घेतले नाही. रुग्णालयाने दोघांना शेजारशेजारच्या खाटा दिल्या आहेत. बाबांना डाव्याच कुशीवर निजण्याची सक्ती आहे, आणि डावीकडे ड्रायव्हर आहे. कितीही राग आला तरी पाठ फिरवण्याची सोय नसल्यामुळे बाबा डोळे घट्ट मिटून घेतात. सिस्टर त्याला आराम पडणे म्हणतात.

संध्याकाळची प्रार्थना तुमच्या गैरहजेरीत बाबांच्या खाटेशी कोणी चालवायची, हे लोढणे माझ्या गळ्यात पडले, कारण मराठीत मला पैकीच्या पैकी गुण असतात. देव गुणपत्रिका मागत नाही, हे पहिल्याच दिवशी कळले. मी 'हे करुणानिधे, ज्या तुझ्या अपार वात्सल्याच्या छायेत' इथवर आले, तेव्हा बाबा म्हणाले, "बाळे, क्रियापद येईपर्यंत मी टिकेन ना?" तेव्हापासून मी तुमचेच वाक्य म्हणते : प्रभू, आमच्यावर दया कर. रोज तेच. दार उघडेपर्यंत कडी वाजवत राहायची, असे तुम्हीच शिकवले आहे.

परवा माझे 'आमेन' झाल्यावर ड्रायव्हरने विचारले, "ताई, तुमच्या देवाशी माझी ओळख नाही. पण ते 'आमच्यावर' म्हणता, त्यात मी येतो का?"

आत्याबाई, अनोळखी माणसासमोर माझ्या तोंडून एरवी शब्द फुटत नाही. फुटला तो नेमका व्याकरणाचा. मी म्हणाले, "'आम्ही'मध्ये ऐकणारा धरत नाहीत. तो धरायचा असेल, तर 'आपण' म्हणतात." तो "बरोबर आहे" म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. (त्याला कूस बदलता येते. त्याला भेटायला कोणी येत नाही.)

काल मी 'आपल्यावर दया कर' म्हणायचे ठरवले होते. पण ऐकणारा तर देवही असतो. त्यालाही 'आपण'त ओढले, तर दयेची गरज त्यालाही आहे असा अर्थ निघतो, आणि मग दया करणारा उरतो कोण? (तो एकदा माणूस होऊन 'आपण'त येऊन गेला आहे आणि क्रुसावर आपण त्याचे काय केले तेही ठाऊक आहे, हे मला नंतर सुचले.) मी हात जोडून या पेचात अडकले असताना बाबांनी डोळे उघडले. ड्रायव्हरच्या पाठीकडे बघितले, मग चिडूनच म्हणाले, "घे त्यालाही. दया काय आपल्या बापाची जहागीर आहे?" (आहे, स्वर्गातल्या बापाचीच आहे. बाबांच्याही ते लक्षात आले असावे, कारण ते हसायला गेले, कमरेत कळ आली आणि मग रडूच लागले.)

बाकी सर्व ठीक, असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिते.

तुमची भाची

ता. क. : ज्या पायाने ड्रायव्हरने गाडी रेटली तो पाय सडो, अशी प्रार्थना तुम्ही अपघातापासून रोज करता, असे दादा सांगतो. तोच पाय सडत चालला आहे. ठेवायचा की कापायचा, ते डॉक्टर उद्या ठरवतील. देव तुमचे ऐकतो अशी आपल्या घरात ख्याती आहे, आणि भीती तीच आहे. ती प्रार्थना आजच मागे घ्यावी.

आणखी एक : वरचा ताजा कलम बाबांनी सांगून लिहवून घेतला. पुढचे त्यांच्याच शब्दांत, कारण मला दुरुस्ती करायला मनाई आहे : "अक्काला लिही, 'आमच्यावर दया कर' एवढंच म्हण. त्यात तो आला, मी आलो, आणि तूही आलीस."