टाकासमोरची वाटी

डिंडोली, सुरत
४ जुलै २०२४

ती. सौ. मयुरीताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर एका खोलीत सगळ्यांचे कान. म्हणून साडीच्या पार्सलात हे पत्र. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पीसीओडी आहे, पण मूल होणारच नाही असं मुळीच नाही. गोळ्या चालू आहेत. साखर, मैदा बंद. ज्वारीची भाकरी, मठाची उसळ, अंडी आणि रोज चालणं.

अडलंय ते शिऱ्यावर. देवघरात उज्ज्वलाचा, म्हणजे ह्यांच्या पहिल्या बायकोचा, चांदीचा टाक आहे. मूल मूल करतच ती गेली. संध्याकाळी तिच्यापुढे शिऱ्याची वाटी ठेवायची आणि मग ती मी खायची. त्यानंच तिचा जीव निवतो नि माझी कूस भरेल, असं सासूबाईंचं म्हणणं. आता मी खात नाही. सकाळी गाईला घालू म्हणून झाकून ठेवते. सकाळी वाटी चाटूनपुसून स्वच्छ! एक मुंगीसुद्धा नसते.

तुझी धाकटी,
नूतन

अमळनेर
१५ जुलै

चि. सौ. नूतनला अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, तुझ्या सासूला मधुमेह ना? गोड तोडलेलं माणूस वाटी चाटणारच! पाळत ठेव. तू मात्र शिऱ्याला शिवू नकोस. उज्ज्वला मला तुमच्या भावकीतल्या लग्नात भेटली होती. हनुवटीवर राठ केस. पाळीचं विचारलं तर डोळे भरून आले. तिलाही हेच असणार. दवाखान्यात कुणी नेलं नाही, शिरा तेवढा भरवत राहिले.

योगराजरावांना नमस्कार सांग.
मयुरीताई

डिंडोली
२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न.

सासूबाई महिनाभर चलथाणला नणंदेकडे होत्या. ह्यांना गोड चालत नाही. तरी वाटी रिकामीच. तुझं पत्र आठवून मला राहवेना. शिरा बंद केला आणि माझ्याच ताटातली भाकरी-उसळ तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, बाई, तुला कुणी सांगितलं नाही, मी सांगते, हे खा. ती वाटीही सकाळी रिकामी दिसू लागली. माझी पाळी नियमित झाली, मग चुकली. ताई, परवा सोनोग्राफीत बाळाचे ठोके ऐकले!

दिवस राहिल्यापासून वाटी भरलेलीच राहते. सासूबाई म्हणतात, तृप्त झाली, गेली. मलाही तसंच वाटलं. पण आज जेवताना मी डाव्या हाताच्या बुक्कीनं कांदा फोडला आणि कचाकचा खाल्ला. मला कच्च्या कांद्याचा वाससुद्धा सोसत नाही, तुला ठाऊक आहे. सासूबाईंच्या हातातला तांब्या पडला. म्हणाल्या, अशी उज्ज्वला फोडायची.

भूक काही आवरत नाही बघ. लोभ आहेच, आता थोडा जास्त वाढ.

तुझी,
नूतन