आत्याबाई चालू लागल्या

३ सफर महिना

पोचले एकदाची सना शहरात, भाच्याच्या घरी. इब्बपासूनचा सगळा घाट मागच्या सीटवर आडवी पडून पार केला, ज्वारीच्या पोत्यासारखी. तरी मजा आली. मला नुसतं आकाश दिसत होतं आणि हमूद पुढून सांगत होता, आत्या, आता खिंड लागली, आता मधवाले लागले. दरवाजाशी गाडी थांबल्यावर तो म्हणाला, चल, पाठुंगळी घेतो. मी म्हटलं, तुला लहानपणी पाठुंगळी घेऊन फिरवलं ते परतफेडीसाठी नव्हे. काठी आहे, भिंत आहे, चढेन मी.

चढले. इथली घरं जमिनीवर पसरत नाहीत, आभाळाकडे जातात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि मोडलेला खुबा घेऊन चढणं वेगळं. पायऱ्या अशा की बांधणाऱ्याचे गुडघे त्याच्या छातीशी असावेत. प्रत्येक मजल्यावर बसले, श्वास घेतला, घराला दोन शिव्या घातल्या आणि पुढे निघाले. सूनबाई नबीहा मागून येत होती, मी पडले तर झेलायला. एवढीशी ती चिमणी. मी पडले असते तर हमूदला एका दिवसात दोन जनाजे काढावे लागले असते.

माझी खोली चौथ्या मजल्यावर. ऊन पार अंथरुणापर्यंत येतं. वर गच्चीलगत बसायची खोली, खाली तिसऱ्यावर स्वयंपाकघर आणि न्हाणी, त्याखाली या दोघांची खोली, त्याखाली पाहुण्यांची, तळाला धान्य आणि अंधार. रात्री नबीहानं बिन्त-अस-सहन केलं होतं. इतके थर आणि इतका मध की मी खुबा विसरले. इब्बच्या शाळेत तीस वर्षं मुलींना ओरडले, त्यातल्या एकीनंही मला इतकं गोड खाऊ घातलं नाही.

९ सफर

मला नोकरी लागली आहे. हमूद सकाळी टेलिफोनच्या कचेरीत जातो, नबीहा तिच्या शाळेत. दुपारपर्यंत घरात मीच. माझ्या खिडकीजवळून एक दोरी खाली थेट दरवाजाच्या अडसरापर्यंत जाते. थाप पडली की खिडकीतून वाकून कोण म्हणून विचारायचं, आवाज ओळखीचा असला तर दोरी ओढायची. अडसर उचलला जातो, माणूस आत येतं. मला ही सत्ता फार आवडली आहे. काल शेजारची हूरिय्या आली तर तिला मी मुद्दाम तीनदा विचारलं. ती खालून म्हणाली, बाई, माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो, तुमच्या कानापर्यंत जात नाही का. जाडजूड बाई, वर येईस्तोवर धापा टाकत होती. बसली ती दुपारपर्यंत.

दहाच्या सुमाराला काठी घेऊन एक मजला खाली उतरते आणि जेवणासाठी टोमॅटो-मिरचीची चटणी वाटते. पाट्यावर दोनदा घासायचं, एकदा आपटायचं, ही माझ्या आईची सवय. हमूद म्हणतो, या चटणीत माझ्या बापाच्या घराची चव आहे. मग तिसऱ्या प्रहरी वरच्या खोलीत, खिडकीशी, शहराकडे बघत. उतरायला वेळ लागतो, चढायला जास्त लागतो, पण दिवस भरतो.

१८ सफर

आज एक चूक झाली. थंडी वाढली आहे आणि खिडकीत वाकलं की खुब्यात सळक जाते. थाप पडली. हूरिय्याच असणार असं मनात धरलं आणि न विचारता दोरी ओढली.

अडसर उचलल्याचा आवाज झाला, दार उघडलं, मिटलं. कुणीतरी चढू लागलं. पुरुष असता तर अल्लाह, अल्लाह म्हणत आला असता, म्हणजे बायकांना पडद्याआड जायला सवड मिळते. हे माणूस गप्प होतं. एक पाऊल टाकायचं, दुसरं ओढायचं. पाहुण्यांच्या खोलीपाशी पावलं थांबली. मी हाका मारल्या. उत्तर नाही. खाली जाऊन बघावं तर तेवढे जिने उतरायचे म्हणजे माझी दुपार तिथंच संपली असती. म्हणून बसून राहिले.

१९ सफर

हमूदनं रात्री सगळं घर पाहिलं. कुणी नाही, काही गेलेलं नाही. हूरिय्या म्हणाली, ती काल आलीच नव्हती, आणि या गल्लीत जन्मलेलं शेंबडं पोरसुद्धा विचारल्याशिवाय दोरी ओढत नाही. हमूदनं फार मऊ आवाजात सांगितलं की आत्या, तुला वाकायला त्रास होतो, उगाच कशाला. दाराची एक किल्ली त्यानं हूरिय्याला दिली. नोकरी गेली.

२७ सफर

जिन्यात पाय घसरला. पडले नाही, बसले. पण उठता येईना. नबीहा येईपर्यंत त्या थंड पायरीवर बसून होते. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे न्हाणीत जायला वेळेवर पोचले नाही. नबीहानं मला धुतलं, कपडे बदलले. मग म्हणाली, आत्याबाई, यापुढे स्वयंपाकघरात यायचं नाही, चटणी मी वाटीन, तुम्ही राणीसारख्या बसा. अंथरुणाजवळ कॉफीच्या सालींच्या काढ्याचा थर्मास ठेवला. खोलीतच भांडं ठेवलं.

मी काढा अर्धाच पिते. जितकं कमी प्यावं तितकं कमी उठावं लागतं.

२ रबीउल अव्वल

सकाळी घरात मी एकटी. खालून पाट्याचा आवाज आला. दोनदा घासल्याचा, एकदा आपटल्याचा.

वाटलं, नबीहाला सुट्टी असेल. हाक मारली. आवाज थांबला नाही. थोड्या वेळानं हूरिय्या वर आली आणि बसायच्या आधीच तिनं मला फैलावर घेतलं. आम्हाला सांगता पाय उचलत नाही, आणि खाली पाट्यावर बसून चटणी वाटता, मी हाक मारली तर मान वळवायचीही तसदी नाही, आणि माझ्या आधी वर येऊन पांघरूण घेऊन बसलात, हा काय खेळ. मी तिला म्हटलं, मी पाच दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नाही. ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. काढा न पिताच गेली.

जेवणात चटणी होती. हमूद म्हणाला, आत्या, तू पुन्हा वाटलीस ना, चव कळते. नबीहा म्हणाली, तिलाही वाटलं मीच वाटली. दोघं माझ्यावर प्रेमानं रागावले.

मला भीती वाटायला हवी होती. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ जसा होतो, तसं मनाचं झालं आहे. आहे, पण माझं नाही.

११ रबीउल अव्वल

वरच्या खोलीतही आता जात नाही. चढताना छाती भरून येते. सोडून चार दिवस झाले आणि आज वरून लोड सरकवल्याचा आवाज आला. खोकला आला. माझा खोकला, शेवटी घसा खाकरण्यासकट.

तीस वर्षं शिकवलं आहे, मला धडा कळायला वेळ लागत नाही. मी जे सोडते ते त्या दिवशी आत आलेलं कुणीतरी उचलतं. मी केलं असतं तसंच करतं. मग ते त्याचं होतं.

१२ रबीउल अव्वल

आज परत घ्यायला गेले. दोघं बाहेर पडल्यावर काठी घेऊन, बसत बसत, एकेक पायरी खाली सरकत स्वयंपाकघरात पोचले. कुणी नव्हतं. पाटा ओला, वरवंटा कोमट, चटणी वाटीत काढून वर झाकण. चटणी मी सांडून टाकली आणि नव्यानं वाटायला बसले. हात चालेनात. इतक्यांदा केलेलं काम, दोनदा घासायचं, एकदा आपटायचं, हाताला आठवेचना.

परत चढता आलं नाही. हमूदनं उचलून आणलं. इतकं रागावलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, आत्या, तू मेलीस तर लोक म्हणतील भाच्यानं सांभाळली नाही. मग रडला. मी त्याला सगळं खरं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला आणि जाताना काठी घेऊन गेला.

२० रबीउल अव्वल

काठी नाही, म्हणून वुझूला, म्हणजे नमाजेआधी हातपाय धुवायला, खोलीच्या कोपऱ्यातल्या मोरीपर्यंत जाता येत नाही. नबीहानं एका वाटीत स्वच्छ माती आणून दिली. त्यावर हात मारून चेहऱ्यावरून फिरवायचा, अंथरुणात बसूनच नमाज पढायची. म्हणाली, देवानं सवलत दिली आहे आत्याबाई, घ्या की. सवलत आहे हे खरं. घेतली.

२१ रबीउल अव्वल

पहाटे मोरीजवळची झारी रिकामी. तिथून मुसल्ल्यापर्यंत, नमाजेच्या चटईपर्यंत, ओली पावलं. उजवं पाऊल स्पष्ट, डावं ओढलेलं. मुसल्ल्यावर कपाळाएवढा ओला डाग.

खोलीत आलं आहे. माझ्याबरोबर राहतं. दिसत मात्र नाही.

८ रबीउस्सानी

पाय आता अंथरुणाबाहेर टाकत नाही. टाकायचं ठरवते आणि संध्याकाळ होते. नबीहा पाठ पुसते, पाय पुसते. पायांना तिचा हात लागलेला कळत नाही.

खांदे वर जात नाहीत म्हणून वेणीही तीच घालते. फार निगुतीनं घालते. कुणी इतकं चांगलं वागलं की नाही म्हणायला तोंड उरत नाही.

१५ रबीउस्सानी

डावा हात सकाळी माझी वेणी सोडत होता. मी बघत बसले. मग त्यानं केस विंचरले. मी त्याला थांब म्हटलं.

उजवा हात माझाच आहे. रोज लिहायचं, काहीही होवो. उजवा मी सोडणार नाही.

१९ रबीउस्सानी

पाय उठले.

मी नाही उठले. पांघरूण बाजूला झालं, पाय खाली उतरले, मला घेऊन उभे राहिले. दुखलं नाही. काहीच झालं नाही. ते जिना उतरले. चांगले उतरतात. मी वर बसलेली होते, उंटावर बसावं तशी, लगाम हातात नाही.

नबीहाच्या हातातलं ताट पडलं. ती हमूदला हाका मारत धावली. हमूदनं माझे हात डोळ्यांना लावले. मी म्हटलं, हमूद, हे माझे पाय नाहीत. तो हसत म्हणाला, मग कुणाचे आहेत आत्या, शेजाऱ्यांचे? किती दिवसांनी हसला. मला पुढे बोलवेना.

गल्लीत घरोघर गोड वाटलं. आत्याबाई चालू लागल्या.

२० रबीउस्सानी

हूरिय्या आली नाही. तिच्या वाट्याचं गोड ताटात तसंच परत आलं.

२४ रबीउस्सानी

पाय मला दिवसभर चालवतात. स्वयंपाकघर, वर, खाली, कोठार. अंधारात उभी करून ठेवतात—कशाची वाट बघतात कळत नाही. कोठारात मी ओरडले. आवाज आला, पण लहान आला. हमूद म्हणाला, आत्या, जरा दमानं घे, एकदम इतकं चालू नकोस.

काल घास तोंडाशी नेताना उजवा हात थरथरला. नबीहा म्हणाली मी भरवते. नाही म्हटलं. उपाशी राहिले. आजही—

२६ रबीउस्सानी

भूक आहे. भरवून घेणार नाही. हात धरून ठेवला आहे. धरायला दुसरा हात नाही—डावा तिकडचा आहे—दातांनी बाही धरते.

लिहिते आहे म्हणजे आहे.

२९ रबीउस्सानी

बसल्या बसल्या पाय नाचतायत. वही मांडीवर आहे, मांडी हलते, म्हणून अक्षर असं. हात ठीक आहे. हात माझा—

नबीहा आली. म्हणते, आत्याबाई, हात किती थरथरतोय बघा, आणा इकडे, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी नाही म्हटलं. पाय हलतायत गं, हात नाही. ऐकत नाही. तिला वाटतं मी संकोचानं म्हणते. जवळ बसली आहे. चांगली पोर आहे, फार चांगली—तिचा हात माझ्या हातावर—गरम—एकेक बोट सोडवते आहे, हळूच, मला दुखू नये म्हणून—नबीहा, नको, एवढं एक मला करू दे, हे ए