खरडणीला बांधलेली सुतळी

कामठा,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. वीरेंद्र यास
तुझ्या मोठ्या बहिणीचे, बाईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. हलका धान कापून झाला, भारी अजून उभा आहे. आईचे गुडघे तसेच आहेत आणि तोंडही तसंच. परवा आमगावला माहेरी गेले, तर दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकाला तुझं कौतुक सांगणं चाललं होतं, "माहा वीरू तिकडं बर्फावर गाडी चालवते." गिऱ्हाईक बिचारं साखरेसाठी उभं. भाऊबीजेला तुझं ताट वाढून ठेवलं होतं. शेवटी ते माझ्या दीराने, धर्मेंद्रने खाल्लं.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू धडधाकट बोलतोस, पण तुझ्या भाऊजींचं नाव निघालं की "रेंज नाही, बाई" म्हणतोस. मनालीची रेंज नेमकी त्याच नावाला कशी जाते, हे मला कळत नाही. शिवाय आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं ह्यांना ऐकू जातं. म्हणून लिहिते आहे.

गेल्या हिवाळ्यात तुझ्याकडे कामाला येऊन गाडीखाली सापडले, तेव्हापासून हे काठी घेऊन चालतात. कंबर जुळली म्हणतात डॉक्टर. पण ट्रॅक्टरला हात लावत नाहीत. तुला माहीत आहे, आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस. यंदा चिखलणीला ट्रॅक्टर बंद पडला, तेव्हा धर्मेंद्र विचारायला आला. तर हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "मले काऊन विचारून राह्यला? ज्याले खरडणी खाली सोडाची आठवण नाही राह्यत, त्यावर भरोसा नोको ठेवू." तेव्हापासून त्यांना कोणी काही विचारत नाही. स्वतःचा विळासुद्धा हे धार लावायला दुसऱ्याकडे देतात. माझा नवरा घरात आहे आणि नाही, असं झालं आहे.

आता धर्मेंद्रचं. तू मनालीला कामाला बोलावलंस म्हणून तो नाचतो आहे. तिकीटही काढलं. त्याला थंडीचा कोट हवा होता, म्हणून मी ह्यांची तिकडून मागाहून आलेली बॅग पहिल्यांदा उघडली. फेब्रुवारीपासून ती माळ्यावर पडून होती, माझा धीरच होत नव्हता. ती बॅग घेऊन तू स्वतः का आला नाहीस, एका अनोळखी ड्रायव्हरबरोबर का पाठवलीस, हेही मला तेव्हाच विचारायचं होतं.

कोटाखाली त्या खरडण्या निघाल्या. तुम्ही त्यांना स्क्रॅचर म्हणता. ह्यांनी मागच्या वर्षीच्या दिवाळीत जुन्या कल्टिव्हेटरच्या स्प्रिंगा लोहाराकडे नेऊन बनवल्या, तेव्हा भाता मीच ओढत होते, म्हणून मला त्यांचं सगळं माहीत आहे. मऊ बर्फावर गाडीला चाकांऐवजी असतो तो पट्टाच बर्फ वर उडवतो आणि इंजिन थंड राहतं. बर्फ दाबून कडक झाला की काही उडत नाही, इंजिन तापतं. मग ह्या दोन सळया बाजूने खाली सोडायच्या, त्या कडक बर्फ खरडतात आणि तो चुरा पट्टा वर फेकतो. गाडी मागे घ्यायची असेल तर आधी सळया वर करून बांधायच्या, नाहीतर त्या रुततात आणि वाकतात. आपण ट्रॅक्टर मागे घेताना फाळ उचलतो, तसंच. हे म्हणायचे, ज्याने वर बांधल्या त्यानेच खाली सोडायच्या, दुसऱ्याच्या भरवशावर ठेवायचं नाही.

ह्यांना इकडच्या दवाखान्यात घेऊन आलास, तेव्हा तू आम्हाला काय सांगितलंस? गाडी भाऊजी चालवत होते, मी मागे बसलो होतो. चढावर बर्फ कडक होता, खरडण्या त्यांनी सोडल्याच नाहीत, इंजिन तापून बंद पडलं, गाडी मागे घसरली आणि त्यांच्यावर उलटली. ह्यांच्या डोक्याला मार, त्या दुपारचं त्यांना काही आठवत नाही. तू सांगितलंस तेच त्यांनी स्वतःचं म्हणून धरलं. मीही धरलं. एक गोष्ट मात्र तेव्हाही मला खटकली होती. हे सांगताना तू सारखा पाणी मागत होतास. लहानपणी गल्ल्याजवळच्या बरणीतल्या गोळ्या खाऊन बाबांसमोर उभा राहायचास, तेव्हाही तुला अशीच तहान लागायची. भावाचा जीव घाबरला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

त्या दोन्ही खरडण्या गाडीच्या मालकाने, ज्या पट्टीवर बसवल्या होत्या तिच्यासकट काढून बॅगेत टाकल्या आहेत. वर अडकवायचे आकडे तुटलेले आहेत, म्हणून सळया सुतळीने वर बांधल्या आहेत. सुतळी आमच्याच घरची, हे जाताना घेऊन गेले होते. अजून तशाच बांधलेल्या आहेत, वीरू. म्हणजे त्या दिवशी खाली सोडल्याच नाहीत, एवढं तुझं खरं.

पण बांधल्या कोणी?

ह्या घरात कोणी गाठ मारत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा धानाचे भारे बांधताना गाठ मारायचे, तर सासूबाई हसायच्या. इथे तणसाला पीळ देतात आणि टोक आत खोचतात. ह्यांचा हात त्याच वळणाचा. पोत्याचं तोंड असो, बैलाचं दावं असो, पीळ आणि खोच. मी रोज बघते.

ह्या सुतळीला गाठ आहे, आपल्या दुकानातल्या पुड्याची. दोन फेरे, वर फास, आणि डावीकडे सोडलेला एक कान, म्हणजे गिऱ्हाइकाने घरी जाऊन एका ओढीत पुडा उघडावा. बाबा डावखुरे होते, म्हणून आपला कान डावीकडे. आमगावात दुसऱ्या कुठल्या दुकानात तो डावीकडे नव्हता. ही गाठ त्यांनी दोघांनाच शिकवली. त्यातली एक मी, आणि मी कधी बर्फ पाहिलेला नाही.

मी बॅग तिथेच टाकून अंगणात जाऊन बसले. मनात म्हटलं, तिथल्या कोणा माणसाने बांधली असेल. म्हटलं, वीरूने बांधली असेल पण चालवत हे असतील. पण स्वतः चालवत असताना आपली खरडणी हे दुसऱ्याला बांधू देतील? स्वतःचा विळा ते मला धरू देत नव्हते. गाडी तूच मागे घेतलीस, तूच बांधल्यास, आणि तूच पुढे बसून चढावर घातलीस. हे तुझ्या मागे बसले होते, तुझ्या भरवशावर.

विसरलास, त्याचा मला राग नाही. विसरणं कोणालाही होतं. पण तुझं विसरणं तू ह्यांच्या डोक्यात ठेवून आलास, आणि माझा माणूस रोज ते उगाळतो. भाऊबीजेला ह्याचसाठी तोंड दाखवलं नाहीस ना? आणि वरून धर्मेंद्रला बोलावतोस. कशाला? चांगुलपणा करून फेडायचं आहे का? मला फार राग आला आहे वीरू, आणि रडूही येतं, कारण तू माझा भाऊ आहेस आणि तो माझा नवरा.

धर्मेंद्रचं तिकीट मी रद्द करायला लावलं. कोट लहान होतो, असं सांगितलं. खरं कारण कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. सांगता आलं असतं, पण माझ्या तोंडून ऐकलं तर ते मलाच गप्प करतील. म्हणतील, "भावाचं नाव नोको घेऊ." तुझ्यावर त्यांचा एवढा जीव आहे. ते तुझ्याच तोंडून ऐकतील तरच त्यांना पटेल की त्यांचे हात चुकले नव्हते.

तेव्हा तू ये. पत्र नको, फोन नको. खरडण्या मी त्यांच्या खाटेखाली ठेवल्या आहेत, पोत्यात गुंडाळून. गाठ सोडलेली नाही. त्यांच्यासमोर बस, ती डाव्या हाताने ओढ, आणि सांग. पाणी मी देणार नाही.

आलास तर दार उघडं आहे. नाही आलास तर पुढच्या राखीला वाट बघू नकोस.

अजून तरी तुझी बाई,
गोमती