दोन वकिलांचा एक हुरडा

मु. काटेवाडी,
पौष वद्य षष्ठी, शके १८७५

तीर्थस्वरूप दत्तोबा दाजी,

तुमच्या आणि बनाअक्काच्या पायांवर सोपानने इथूनच डोकं ठेवलं आहे असं समजावं. इकडे खंडेरायाच्या कृपेने सगळे ठीक आहेत. (आमच्या मंडळींची, फुलाबाईची, कंबर धरली आहे. ती वाकून चालते, बोलते मात्र ताठच.) तुमचा गुडघा थंडीत कसा आहे? अक्काचा खोकला हटला का? तुमचा भिमा माझ्याकडे खुशाल आहे, दोन्ही वेळा जेवतो. झोपेत तेवढा दचकतो.

पत्र तुम्ही अक्काला मोठ्याने वाचून दाखवाल, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेलंही थोडं लिहितो. (ताजा कलम मात्र आधी स्वतःशी वाचा.) पाण्याच्या पाळीवरून भिमाचं आणि कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकरी गेणूचं चारीच्या दारापाशी भांडण झालं आणि गेणूचा हात मोडला. पोलिसांचं म्हणणं, भिमाने फावडं घातलं. आपल्या आबासाहेब वकिलांचं म्हणणं, भिमा त्या दिवशी तिथे नव्हताच; तो काटेवाडीला माझ्या बागेत पेरूच्या झाडांना आळी करत होता, आणि येत्या सोमवारी, आजपासून आठव्या दिवशी, इंदापूरच्या कोर्टात मी तसं शपथेवर सांगायचं. आता खरं काय ते तुम्हाला, मला आणि देवाला माहीत आहे. मी त्या दिवशी तुमच्याच वस्तीवर होतो, बांधाआडून सगळं पाहत होतो, आणि गेणूचा पाय चिखलात घसरून तो चारीच्या दगडावर पडला. फावडं भिमाच्या हातात होतं खरं, पण ते गेणूला लागलं नाही. दार मात्र आपल्या पोराने पाळी नसताना उघडलं होतं. हे सगळं मी आबासाहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मामाने पाहिलेलं कोर्टाला पटत नाही, मामाने न पाहिलेलं पटतं. मला ते समजलं नाही. पण त्याच संध्याकाळी अक्काने देव्हाऱ्यासमोर माझ्या ओंजळीत बेलभंडार ठेवला आणि वकील सांगतील तेच बोलेन असं वदवून घेतलं. तेव्हापासून मी दोन शपथांच्या मध्ये उभा आहे. एक उचलून झाली आहे, दुसरी सोमवारी उचलायची आहे, आणि दोन्ही एकाच देवाच्या.

हे असं असताना परवा आबासाहेबांचा निरोप आला की रविवारी तुमच्या रानात हुरड्याला येतो, बरोबर एक पाहुणे आहेत. मला आनंद झाला. गुळभेंडी ज्वारीची कणसं ऐन दुधात आली आहेत. मी आगटी खणली, गोवऱ्या रचल्या, फुलाबाईने लसणाची चटणी केली, आणि भाजायला भिमाला बसवलं, कारण कणीस करपू न देता भाजणं त्याच्यासारखं कुणाला जमत नाही. काल दुपारी टांगा आला. त्यातून आबासाहेब उतरले आणि त्यांच्यामागून भोइटे साहेब उतरले. दाजी, भोइटे साहेब म्हणजे सरकारी वकील. बारामती आणि इंदापूर, दोन्ही कोर्टांत पोलिसांच्या बाजूने तेच उभे राहतात. सोमवारी भिमाला तुरुंगात घालण्याचं काम सरकारने त्यांनाच दिलं आहे.

भिमाने एवढंच केलं की डोक्यावरचा पटका नाकापर्यंत खाली ओढला.

या दोघांची गंमत अशी, की कोर्टात ते एकमेकांच्या अंगावर धावून जातात. मागच्या तारखेला आबासाहेबांनी टेबलावर असा हात आपटला की शाईची दौत उलटली. आणि इथे एकाच घोंगडीवर मांडीला मांडी लावून बसले. फुलाबाई माझ्या कानाशी म्हणाली, “कोर्टात एडक्यावानी टकरा घेत्यात अन् हितं एकाच चटणीत बोटं बुडवत्यात. आपला वकील फुटला वो!” मलाही तसंच वाटलं. पण यजमान होतो. गरम कणीस हातावर चोळून दाणे पहिल्यांदा कुणापुढे ठेवायचे हाच मोठा पेच. आपल्या वकिलापुढे ठेवावे तर सरकारचा अपमान, सरकारपुढे ठेवावे तर आपल्याच माणसाला वाटणार मामा घाबरला. शेवटी मी पहिला घास अग्नीला टाकला. देव कुठल्याच बाजूचा वकील नाही.

मग उलगडा झाला. दिल्लीला फौजदारी कायदा बदलायचं घाटत आहे आणि गावोगावच्या वकिलांची, तशीच सरकारी वकिलांचीही मतं मागवली आहेत. त्यात एक कलम असं यायचं आहे म्हणे, की साक्षीदार खोटं बोलला असं न्यायाधीशाला वाटलं तर त्याला सरळ धरायचं. हे वाचून दोन्ही वकिलांची झोप उडाली. दोघं मिळून कागद पाठवणार, पण बारामतीत एकत्र बसले तर दोघांचीही पक्षकार मंडळी फुलाबाईसारखंच बोलणार. म्हणून माझं रान. भोइटे साहेबांचं दुःख असं, की पंचनाम्यांवर सह्या करणारे ठरलेले चार पंच आहेत, स्टँडजवळच्या हॉटेलात बसलेले असतात, ते उद्या हॉटेल सोडून पळतील. आबासाहेबांचं दुःख असं, की आरोपी त्या दिवशी दुसऱ्या गावाला होता हे सांगायला मग दुसऱ्या गावातून कोण येईल? (हे बोलताना ते माझ्याकडे न बघण्याची इतकी काळजी घेत होते, की भोइटे साहेबांनी माझ्याकडे बघितलं.)

भोइटे साहेबांचा आग्रह, कलम सरकारी साक्षीदारांना लावू नये. आबासाहेबांचा आग्रह, आरोपीच्या साक्षीदारांना लावू नये. तासभर ओढाताण झाली, चटणी संपली, फुलाबाईने दुसरी वाटली. अखेर दोघांच्या अटी एकत्र लिहिल्या तेव्हा ते कलम फक्त अशा साक्षीदाराला लागू राहिलं, ज्याला दोघांपैकी कुणीच बोलावलेलं नाही. ते त्यांच्याच लक्षात आलं आणि दोघं पोट धरून हसले. मला हसू येईना. आगटीपलीकडे भिमाचे हात थांबले होते.

मग त्यांनी सगळं खोडून एकच वाक्य लिहिलं: आमच्या दोन्ही तालुक्यांतील रयत स्वभावतःच सत्यप्रिय असल्याने असल्या कलमाची इकडे गरज नाही. खाली दोघांच्या सह्या. पण वकिलांच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार, म्हणून रयतेतल्या एका प्रतिष्ठित माणसाची सही हवी. देवळात पोथी वाचणारा, एकादशी न मोडणारा. आबासाहेबांनी टाक माझ्या हातात दिला.

दाजी, देवाशप्पथ सांगतो, मी काही ठरवून बोललो नाही. टाक हातात होता आणि तोंडातून निघून गेलं: “आबासाहेब, या कागदावर सही केल्यावर सोमवारी मला खरंच बोलावं लागंल की.”

भोइटे साहेबांनी तोंडाकडे नेलेला हात खाली ठेवला. “म्हणजे मामा, एरवी काय बोलणार होता?”

आबासाहेबांचा चेहरा असा झाला, की ती दौत इथे असती तर पुन्हा उलटली असती. आता मागे फिरायला जागा नव्हती. मी बांधाआडून पाहिलं ते सगळं सांगितलं, पाळी मोडल्याचंही, हातातल्या फावड्याचंही.

भोइटे साहेब म्हणाले, “मी हे ऐकलेलं नाही.”

आबासाहेब म्हणाले, “आणि हे ते बोललेलेच नाहीत.”

दोघांचं खऱ्या अर्थाने एकमत झालं ते इथे. पण कागद माझ्या मांडीवरच होता. मी हात जोडून म्हणालो, आधी सोमवारी खरं बोलून घेतो, मग सही करतो. कागद बुधवारी गेला तरी मुदतीत आहे. हे ऐकून दोघं एकमेकांकडे बघू लागले. आबासाहेबांनी मला खोटं बोलायला लावलं तर सत्यप्रिय रयत कोर्टातच उघडी पडणार. भोइटे साहेबांनी मला खोटा ठरवला तर त्यांच्याच कागदाखाली खोटारड्याची सही. शेवटी आबासाहेब धोतर झटकत उठले. म्हणाले, “बोला बाबा खरं. तीस वर्षांत हा प्रयोग केला नव्हता.” भोइटे साहेब म्हणाले, “उलटतपासणी मी सोडणार नाही हां मामा. सोलून काढीन.” आणि टांग्यात चढता चढता, नाकापर्यंत पटका ओढलेल्या आपल्या पोराकडे वळून म्हणाले, “कणसं फक्कड भाजतोस. सोमवारी भेटूच.”

तेव्हा सोमवारी काय होईल ते खंडेरायाला माहीत. पाळी मोडल्याचा दंड भिमाला होईल, तो होऊ द्यावा. बाकी मी जे पाहिलं ते सांगणार आहे. कागद देव्हाऱ्यात खंडेरायाच्या टाकाखाली ठेवला आहे. कळावे, लोभ आहेच, तो सोमवारनंतरही असू द्यावा.

आपला,
सोपान

ता. क. : बेलभंडार अक्काने उचलायला लावला, तो तिनेच परत घ्यायला हवा. शनिवारी तिला घेऊन या. मी तिला सांगू शकत नाही. ती रागावली तर मी अजून दहा वर्षांचा होतो.

आणखी ता. क. : हे मोठ्याने वाचू नका. टांगा गेल्यावर भिमा आगटीवर माती लोटत होता. मला म्हणाला, “मामा, त्येचा पाय घसरला ह्ये खरं हाय. पर पडताना त्यानं माझा हात धरला हुता. म्या हिसडा मारून सोडवून घेतला.” मी बांधाआड होतो, मला हे दिसलं नव्हतं. दाजी, हे कायद्यात कुठे बसतं ते मला कळत नाही, आणि दोघांपैकी एकाही वकिलाला विचारण्याचा मला धीर नाही. मी पाहिलं तेवढं मी सांगेन. उरलेलं त्याचं त्याने सांगायचं आहे, आणि कोर्टाच्या आधी गेणूला सांगायचं आहे. तर येत्या रविवारी तुम्ही त्याला घेऊन गेणूच्या घरी जा आणि हाताची विचारपूस करा. दोन्ही वकिलांनी मात्र जाताना बजावलं आहे, की गेणूच्या दारात कुणी फिरकायचं नाही. त्यांचं एकमत झालेली ही दुसरी गोष्ट.

शेवटचं : पत्र नेणाऱ्या माणसाबरोबर हुरड्याच्या दोन पिशव्या पाठवल्या आहेत. चटणी दोन्हींत आहे. एकच पिशवी सोडा, दुसरी रविवारी गेणूकडे न्यायला लागेल.