बटणाएवढा चेहरा

ता. ४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला म्हणून तोंड फुगवू नकोस. बाबांच्या डोळ्यांचं काही खरं नाही. डावा गेल्यातच जमा आहे. उजव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, काय बघायचं ते बघून घ्या. असं कुणी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर बोलतं का? पण बाबांनी ते मनावर घेतलं. रोज सकाळी भिंग घेऊन खिडकीशी बसतात आणि त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी छापखान्यात काढलेला ग्रुप फोटो बघतात. बाबा पुढे खुर्चीवर, आई सगळ्यात मागच्या रांगेत, तिच्या शेजारी मी. तिचा चेहरा शर्टाच्या बटणाएवढा. त्यानंतर आठवड्याभरात ती आजारी पडली ती उठलीच नाही, म्हणजे तिचा शेवटचा फोटो हाच.

तू साऱ्या जगाचे फोटो मोठे करून देतोस, आता आईचा एक करून दे. चौपट कर, दहापट कर, मला त्यातलं काही कळत नाही. बाबांना भिंगाशिवाय दिसला म्हणजे झालं. तो काढणारा स्टुडिओ कधीच बंद पडला, त्यामुळे निगेटिव्हची आशा नको. जेवणाची आबाळ करू नकोस. बहिणीची आठवण कामापुरती ठेवू नकोस.

तुझी ताई


ता. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निगेटिव्ह नाही, तेव्हा फोटोचाच फोटो काढावा लागेल. मूळ फोटो दोन पुठ्ठ्यांत घालून पाठव. तू दहापट म्हणतेस खरी, पण लांबी दहापट आणि रुंदीही दहापट, म्हणजे कागद शंभरपट लागतो. अख्खा ग्रुप तेवढा केला तर तुझ्या घराची भिंत पुरायची नाही. आपण फक्त आईचा चेहरा घेऊ.

काम दोन पायऱ्यांत होतं. आधी कॅमेरा इतका जवळ न्यायचा की चेहरा फोटोत आहे तेवढाच फिल्मवर उमटेल. त्याला आम्ही एकास एक म्हणतो. मग त्या फिल्मवरून मोठा कागद छापायचा, ते एन्लार्जमेंट. मात्र एक आधीच सांगून ठेवतो. मुळात जे उतरलेलं नाही ते मोठं करून येत नाही. दुधात पाणी ओतलं की भांडं भरतं, दूध वाढत नाही.

बाबांच्या निवृत्तीच्या दिवशी मी गिऱ्हाइकाच्या कामात अडकून इथेच राहिलो नसतो, तर चार पावलं पुढे जाऊन आईचा वेगळा फोटो काढला असता. मग ही उठाठेव लागली नसती. राहून राहून तेच मनात येतं. बाबांना नमस्कार सांग. तुझा राग आणि माया दोन्ही चालू राहू देत.

तुझा धाकटा


ता. २४ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मोठा फोटो मंगळवारी मिळाला. तुझ्या मेहनतीला नाव ठेवायला जागा नाही. पण उशीर झाला रे. गेल्या आठवड्यात बाबांचा उजवा डोळाही गेला. आता खिडकी कुठे आहे तेवढं कळतं.

पहिल्या प्रतीत फिल्मचे दाणे फार दिसतात, दुसऱ्यात जुन्या कागदाचा पोत येतो, तिसऱ्यासाठी मोठा कागद मागवला आहे, असं तू कळवत राहिलास आणि मी होईल होईल म्हणत राहिले. मधल्या सगळ्या दिवसांत बाबा भिंग घेऊन खिडकीशी बसायचे आणि फोटो आला का म्हणून विचारायचे. त्यांच्याजवळ होता तो मीच माझ्या हाताने पोस्टात टाकला होता. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. मला जेवण गोड लागत नाही.

मोठा फोटो त्यांनी हाताने चाचपला आणि वरची बाजू कोणती ते विचारलं. मी म्हटलं, आई हसते आहे. ते नुसतं बरं म्हणाले. तू स्वतःला बोल लावत बसू नकोस, त्यात माझाही अर्धा वाटा आहे. जमेल तेव्हा ये.

तुझी ताई


ता. २ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतो आहे. अक्षर आणि शुद्धलेखन त्यांचं, बडबड माझी. ताईला यातलं बोलू नकोस, तिच्या डोळ्यांना पाणी यायला निमित्त लागत नाही.

निवृत्तीच्या त्या दिवशी तुझी आई माझ्या पाठीमागे उभी होती. पुढे जो तो माझा हात हातात घेत होता. मागे वळून बघायचं मला सुचलंच नाही. मी आता दिवसभर घरात असणार, याचा तिला आनंद झाला होता की धास्ती वाटली होती? पुढे तिच्या आजारपणात विचारायचं राहून गेलं. भिंगातून मी रोज तेच शोधत होतो. ताई म्हणते, हसते आहे. मला बरं वाटावं म्हणून ती काहीही म्हणेल. तू धंद्यातला माणूस, फोटो तू मोठा केलास. ती हसते आहे का, खरं काय ते लिही. तब्येतीला जप. उत्तर मास्तरांच्या पत्त्यावर पाठव, तेच वाचून दाखवतील. म्हाताऱ्याला ताटकळत ठेवू नकोस.

तुझे बाबा


ता. ६ ऑगस्ट

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं लिहितो. फोटोवरून कळत नाही. ओठांच्या जागी राखाडी ठिपके आहेत. लांबून हसल्यासारखं वाटतं, जवळ गेलं की ते पुसलं जातं. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

मूळ फोटोची फिल्म पहिल्याच दिवशी झाली होती. त्यानंतर त्या फोटोचं मला काही काम नव्हतं. पुन्हा लागला तर असू दे म्हणून ठेवून घेतला. तेव्हाच परत पाठवला असता तर तुम्हाला आणखी महिनाभर आई बघायला मिळाली असती. याचं मला फार वाईट वाटतं, बाबा, आणि त्याला इलाज नाही.

ताईने फोटो बघून सांगितलं की आठवून, मला माहीत नाही. पण त्या दिवशी ती आईच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभी होती. तिच्याइतक्या जवळ माझा कुठलाच कॅमेरा गेला नसता. आपण तिघंही कागदालाच विचारत बसलो. तिला हाक मारा आणि जवळ बसवून घ्या. फोटो कसा आला आहे ते विचारू नका. आई कशी होती ते विचारा.

मी रविवारी पोचतो. तोवर माझी चूक पोटात घाला.

तुमचा धाकटा