ओट्यावर बसलेली

४ फेब्रुवारी
कॅफेवाल्याचा मेल — न्यूयॉर्कच्या व्हिलेज भागातली जुनी गाणी माझ्या कॅफेत मराठीत गा, हरकत नाही, पण प्रत्येक गीतकाराची लेखी परवानगी आणा. चौघांची आलीय. राहिल्या विनी कोल, वय त्र्याऐंशी. त्यांनी आजवर कुणालाच दिलेली नाही म्हणे! आणि माझा जीव नेमका त्यांच्याच गाण्यात अडकलाय. दारातल्या पायऱ्यांवर कुणाची तरी वाट बघत बसलेली मुलगी. न्यूयॉर्कवाले त्या पायऱ्यांना 'स्टूप' म्हणतात. मी केलं — ओटा. जाम खूश आहे स्वतःवर.

९ फेब्रुवारी
इथल्या ओळखीच्या नीलांबरीकाकूंच्या बेसमेंटमध्ये प्रॅक्टिस. मी गायले, माझ्या लॅबमधला अवधूत गिटारवर. गाणं संपलं, काकूंनी चष्मा काढला. मला वाटलं, रडतायत.
"गोड गायलीस गं. पण ती ओट्यावर कशाला चढून बसलीय? गॅस कुठेय मग?"
अवधूत हसून लोळायचा बाकी. "यार, मलापण किचनचाच दिसला! म्हटलं, मॉडर्न इंटरप्रिटेशन असेल."
आमच्या नागपूरच्या घराला दारात ओटा होता. संध्याकाळी सगळी आळी तिथे बसायची. ही दोघं फ्लॅटमध्ये वाढलेली — यांचा ओटा म्हणजे कुकर ठेवायचा! 'पायरी' चालीत बसत नाही. चिडले, भांडले. मग एकदम आठवलं — परवानगीआधी विनीबाईंना वाचायला मराठीचं परत इंग्रजी अवधूतनेच केलं होतं.
"काय लिहिलंस तू?"
"किचन काउंटर. परवाच सेंड केलं."
गेलीच परवानगी!

१० फेब्रुवारी
माफीचा मेल चारदा लिहिला, चारदा खोडला. अवधूतशी बोलत नाही.

११ फेब्रुवारी
विनीबाईंचा फोन! हॅलो नाही, काही नाही. "किचनचं कुणी सांगितलं तुला?" शब्दाची चूक झाली, बदलते, सॉरी — एका दमात सगळं. त्या एवढंच म्हणाल्या, शनिवारी घरी ये.

१५ फेब्रुवारी
ट्रेनने गेलो, मी आणि अवधूत दोघंही, अबोला तसाच. चौथा मजला, लिफ्ट नाही. बाई एवढ्याशा, आवाज मात्र खणखणीत. आम्हाला त्यांच्या स्वयंपाकघरातच गायला लावलं. डोळे मिटून ऐकलं. मराठी कळत नव्हतं, पण 'ओटा' तेवढा मी आधी सांगून ठेवला होता; तो आला की मान हलायची.
नंतर म्हणाल्या, "मी इथेच लिहिलं हे. बाळाची बाटली गरम करता करता. नवरा निघून गेला होता. रेकॉर्डवाला म्हणाला, स्वयंपाकघराचं गाणं कोण ऐकणार? गाण्यातल्या मुलीला बाहेर पायऱ्यांवर बसव, छान दिसेल. बसवली. साठ वर्षं लोक तिच्यावर फिदा आहेत. मला राग येतो तिचा."
मला इतकं वाईट वाटलं! परवानगीचं विचारवेना. अवधूतने विचारलं. "कळवते," एवढंच.
जिन्यात अवधूतला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, लंच तुझ्याकडून.

२१ फेब्रुवारी
पोस्टाने पाकीट आलं. पायऱ्यांच्या गाण्याला परवानगी — नाही!
सोबत एक पिवळा पडलेला कागद. बाईंच्या हस्ताक्षरात, स्वयंपाकघरातलं मूळ गाणं. खाली नव्या शाईत — "हे अजून कुणीच गायलेलं नाही, मीसुद्धा. आधी तुझ्या भाषेत होऊ दे. मी ऐकायला येतेय."